पायलटमध्ये (छोट्या प्रायोगिक टप्प्यात) चाललेली हवामान सल्ला सेवा मोठी करताना का फसते? (अनुभव आणि चर्चा)

बांधावरचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. लांबण लागेल, आधीच सांगतो.

मी काही वर्षं शेतकऱ्यांना हवामानाची माहिती पोचवायच्या एका प्रकल्पात काम केलंय. (कुठल्या ते विचारू नका, तिथल्या लोकांशी अजून बोलणं-चालणं आहे.) पहिल्या टप्प्यात वीस-बावीस गावं. हंगामाच्या आधी गावात बैठक, मागच्या तीस वर्षांच्या पावसाचा आलेख भिंतीवर चिकटवलेला, हंगामात आठवड्याला एक मेसेज, आणि मेसेज कळला नाही तर फोन करायला एक माणूस. तो माणूस म्हणजे कृषी पदविका झालेला एक पोरगा, त्याला संध्याकाळी सात ते नऊ फोन यायचे, बोलून बोलून घसा बसायचा त्याचा. पण चाललं. लोक पेरणी दोन दिवस पुढे ढकलायचे, फवारणी थांबवायचे, आणि का थांबवली ते सांगायचेसुद्धा.

मग वरून आलं की आता स्केल करा. गावं शंभरपट, पैसे दुप्पट. आता तुम्हीच सांगा काय कापलं जाणार. बैठक गेली, आलेख गेला, फोनवरचा पोरगा गेला. राहिला मेसेज. आणि अहवालात छापून आलं की इतक्या लाख शेतकऱ्यांपर्यंत पोचलो.

मी नंतर एका जुन्या गावात सहज गेलो होतो, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं मेसेज येतात का. त्यांनी फोनच हातात दिला, म्हणाले तूच बघ. न वाचलेले मेसेज दोनशेच्या वर, त्यात रिचार्जची ऑफर, कुठलंसं बक्षीस, आणि मध्येच आमचा. "हा तुमचा होय, मला वाटलं कंपनीचा आहे." झालं.

म्हणजे जी गोष्ट चालत होती ती वाढलीच नाही, जी वाढवायला सोपी होती ती वाढली. तुमचं काय मत? सगळीकडे असंच होतं का?

कोडवाला

बांधावरचा भाऊ, दुखणं समजलं पण निदान पटलं नाही. प्रत्येक वीस गावांमागे एक पोरगा ठेवायचा म्हटलं तर कुठल्याच देशाला परवडणार नाही, आणि तोवर उरलेल्या गावांना काहीच द्यायचं नाही का? काहीच नसण्यापेक्षा मेसेज बरा.

आणि मेसेजमध्ये काय आहे त्यावरही आहे ना. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने एआय मॉडेल वापरून मान्सून कधी सुरू होईल याचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला, एमकिसान या सरकारी मेसेज सेवेवरून, पाच भाषांत, मराठीतसुद्धा. काही ठिकाणी चार आठवडे आधी. त्या वर्षी मान्सून लवकर आला आणि मग मध्येच जवळजवळ वीस दिवस अडकून बसला, तो अडकणार हे त्या अंदाजात आलं होतं. हे वीस गावांत बैठका घेऊन कोण करणार होतं? पूर्वी असलं मॉडेल चालवायला महासंगणक लागायचा, आता एआयवालं मॉडेल शिकवून तयार झालं की साध्या मशीनवर काही मिनिटांत पळतं.

काळी माती

मी शेती करतो, तुमच्यासारखं मोठं बोलता येत नाही पण मेसेज मलापण येतात म्हणून लिहितो.

"पुढील पाच दिवसांत तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम स्वरूपाचा पाऊस पडण्याची शक्यता आहे. शेतकऱ्यांनी योग्य ती काळजी घ्यावी."

हा मेसेज मला गेल्या हंगामात किती वेळा आला असेल त्याची गणतीच नाही. आता तुरळक ठिकाणी म्हणजे माझ्या शिवारात का शेजारच्या? हलका ते मध्यम म्हणजे ढेकूळ भिजेल एवढा का पाट वाहील एवढा? आणि योग्य ती काळजी म्हणजे छत्री घेऊ का?

मला तीनच गोष्टी पाहिजेत. पहिला पाऊस झाला तर तो खरा का फसवा, म्हणजे मागून आठ-दहा दिवस उघडीप पडणार का. दुसरं, आज फवारलं तर औषध पानावर टिकेपर्यंत पाऊस येतो का. तिसरं, काढणीच्या वेळी पाऊस येतो का. एकूण हंगामात सरासरीच्या किती टक्के पडणार हे टीव्हीवाल्यांना लागतं, मला त्याचा उपयोग नाही. सरासरी भरून निघते हो, पण ती दोन दिवसांत भरली तर माझं रान वाहून जातं आणि सरासरी मात्र बरोब्बर येते.

अवकाळी

छत्री 😂😂 दादा एक नंबर

समदाब रेषा

काळी माती दादा, मी हवामानशास्त्राचीच आहे, त्यामुळे हे शब्द कुठून येतात ते सांगते, बचाव म्हणून नाही.

"तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी", "बऱ्याच ठिकाणी", "बहुतेक ठिकाणी" ह्या भारतीय हवामान विभागाच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत. ज्या भागाचा अंदाज आहे तिथल्या जितक्या केंद्रांवर पाऊस मोजतात त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पडला तर तुरळक, ५० पर्यंत काही, ७५ पर्यंत बऱ्याच आणि त्याच्या वर बहुतेक. तसंच २४ तासांत १५.५ मिमीपर्यंत हलका, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार सुरू. म्हणजे "हलका ते मध्यम" यात २.५ मिमी पण आलं आणि ६४ पण आलं! आमच्यासाठी ती एक नेमकी भाषा आहे, एका अंदाजकर्त्याने दुसऱ्याशी बोलायची. ती तशीच उचलून शेतकऱ्याच्या फोनवर टाकली, तिथे चूक झाली.

आता काय सांगता येतं आणि काय नाही. तीन-पाच दिवसांचा अंदाज बराच सुधारलाय, गेली चाळीस वर्षं साधारण दर दहा वर्षांना एक दिवसाची भर पडत आलीय, म्हणजे आजचा सहा दिवसांचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या पाच दिवसांच्या अंदाजाइतका चांगला. पण तो मोठ्या क्षेत्राचा. उन्हाळी ढगाचा पाऊस चार-पाच किलोमीटरवर बदलतो, तो तुमच्या बांधावर पडेल की नाही हे दोन दिवस आधी जगात कोणीही सांगू शकत नाही, कोणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय असं समजा. दोन ते चार आठवड्यांचं थोडंफार कळतं, कारण उष्ण कटिबंधात पावसाची एक मोठी लाट ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी घालते, मॅडन-ज्युलियन म्हणतात तिला, ती कुठे आहे त्यावरून पाऊस जोर धरणार की उघडीप पडणार याचा माग लागतो. आणि हंगामाचं मुख्यतः एल निनोवरून, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्यावरून, पण ते शक्यतेच्या भाषेत. दादांना पहिली गोष्ट जी पाहिजे, फसवा पाऊस, ती नेमकी या मधल्या, दोन ते चार आठवड्यांच्या पट्ट्यात येते, आणि गंमत म्हणजे अनेक वर्षं सगळ्यात कमी लक्ष याच पट्ट्याकडे होतं. आत्ता आत्ता सुरू झालंय.

काळी माती

ताई धन्यवाद, आज पहिल्यांदा तुरळकचा अर्थ कळला. पण शक्यतेची भाषा म्हणजे काय ते पण सांगा एकदा. एकदा एका बैठकीत साहेबांनी सांगितलं ४०, ३५, २५. आम्ही सगळे गप्प. चहा पिऊन घरी आलो.

समदाब रेषा

हाहा. ते असं. मागच्या तीस वर्षांचे हंगाम पावसाप्रमाणे लावायचे, वरचे दहा म्हणजे जास्त पावसाचे, मधले दहा साधारण, खालचे दहा कमी. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाची शक्यता ३३. या वर्षी कमी पावसाची ४०, साधारणची ३५, जास्तची २५ म्हटलं म्हणजे तराजू जरासा कमीकडे झुकलाय, बस. दहा वर्षं असाच अंदाज दिला तर त्यातल्या सहा वर्षी पाऊस साधारण किंवा जास्त होणार, आणि तरी अंदाज बरोबरच असणार. हे सांगायला गेलं की लोक म्हणतात मग तुम्ही काही सांगितलंच नाही. खरंय, थोडंच सांगितलं.

पण हेच थोडं कोणी जास्त करून ऐकलं की काय होतं बघा. १९९७ चा एल निनो प्रचंड मोठा होता, आफ्रिकेच्या दक्षिण भागात दुष्काळाची शक्यता जास्त असा अंदाज गेला. झिंबाब्वेत तो "दुष्काळ पडणारच" असा ऐकला गेला. शेतकऱ्यांनी पेरा कमी केला, बँकांनी कर्ज आखडलं. पाऊस मात्र भीती घातली होती तितका वाईट झाला नाही. अंदाज शास्त्र म्हणून चुकला असं म्हणता येत नाही, पण ज्याने पेरलंच नाही त्याचं पीक गेलं ते गेलंच.

आकडेमोड

समदाबताईंनी बँकेचा मुद्दा काढलाच आहे तर बोलतो. अंदाज नुसता शेतकऱ्याच्या हातात पडत नाही, त्याच्या आजूबाजूला जे आहेत, बँक, बियाणेवाला, विमावाला, सरकार, त्यांच्याही हातात पडतो. आणि ते आधी हलतात. ब्राझीलमधल्या सेआरा राज्याची गोष्ट दोन्ही बाजूंनी बघण्यासारखी आहे. १९९१ च्या शेवटी तिथल्या फुन्सेमे या हवामान संस्थेने पुढचं वर्ष कोरडं जाणार असं सांगितलं, राज्याने लवकर येणाऱ्या वाणाचं बियाणं वाटलं, खुद्द राज्यपाल सांगत फिरले. १९९२ ला पाऊस कमी झालाच पण पीक १९८७ च्या तसल्याच दुष्काळापेक्षा कितीतरी जास्त हाती लागलं. सगळीकडे वाहवा. मग काय झालं, यश डोक्यात गेलं. राज्याने बियाणं वाटायचं कुलूपच अंदाजाला बांधलं, फुन्सेमे हो म्हणेपर्यंत बियाणं नाही. आता एखाद्याच्या रानात पाऊस होऊन गेलाय, ओल आहे, आणि सरकारी बियाणं गोदामात. मग शिव्या कोणाला, हवामानवाल्यांना. माहिती द्यायची सेवा होती ती परवानगी द्यायची झाली.

दुसरं, एकच सल्ला सगळ्यांना कसा देता हे मला कधी कळलं नाही. साधं गणित आहे. समजा उघडीप पडायची शक्यता १० पैकी ४. थांबल्यामुळे जे हातचं जातं ते एक भाग, आणि पेरून फसलं तर तीन भाग नुकसान. एकाला तीनने भागा, ३३ टक्के. शक्यता ४० म्हणजे त्याहून जास्त, मग थांबावं. पण शेजाऱ्याकडे विहीर आहे, त्याचं फसलं तरी नुकसान दोनच भाग, त्याचा उंबरठा ५० टक्के, त्याने पेरावं. अंदाज तोच, बांध तोच, सल्ला उलटा. "शेतकऱ्यांनी पेरणी करू नये" असा मेसेज पाठवला की तुम्ही विहीरवाल्याचं नुकसान केलं.

कोडवाला

हे तर आमच्या बाजूने झालं! प्रत्येकाचा उंबरठा वेगळा म्हणजे प्रत्येकाला वेगळा मेसेज, हे माणूस करू शकत नाही, मशीन करू शकतं. विहीर आहे का, पीक कुठलं, जमीन कसली, एवढं भरून घ्यायचं.

बांधावरचा

भरून कोण घेणार रे बाबा? तिथेच तर घोडं पेंड खातं. आमच्याकडे दुसऱ्या टप्प्यात नोंदणी घाऊक झाली, कुठून तरी याद्या आल्या, त्यात पीक म्हणून सगळ्यांना एकच पीक टाकलेलं. ज्यांच्याकडे ते पीकच नाही त्यांना त्याच्या किडीचे सल्ले जायचे हंगामभर. माझा स्वतःचा नंबर पण यादीत होता, माझ्याकडे कुंडीतली तुळस सोडून काही नाही.

आकडेमोड यांचं गणित शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही, तो ते करतोच, फक्त त्याला शक्यतेचा आकडा पटेल असा मिळाला पाहिजे. पहिल्या टप्प्यात आम्ही जे करायचो ती पद्धत इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या लोकांनी बसवलेली, पिक्सा म्हणतात. हंगामाच्या कितीतरी आधी सुरू होते. भिंतीवर आलेख, दर वर्षाचा एक ठिपका, ठिपका म्हणजे त्या वर्षी पाऊस किती दिवस टिकला. मग विचारायचं तुमच्या वाणाला किती दिवस लागतात. समजा ११० दिवस. त्या उंचीवर एक दोरी आडवी धरायची, एका टोकाला एक आजोबा, दुसऱ्या टोकाला शाळेतली पोर. आता दोरीच्या वरचे ठिपके मोजा. तीसपैकी अठरा. मग ९० दिवसांच्या वाणाला दोरी खाली घ्या, मोजा, सव्वीस. कोणी काही सांगायची गरजच नाही, मागून कोणीतरी म्हणतं अरे म्हणजे पाच वर्षांतून दोनदा आपण फसतोच. आणि दुसरा लगेच वर्ष ओळखतो, तो खालचा ठिपका म्हणजे अमक्याच्या लग्नाचं साल ना, बैल विकले होते तेव्हा. आलेख त्यांचा होऊन जातो. ४०-३५-२५ नंतर सांगितलं की मग कळतं, दोरी थोडी वर सरकली म्हणून.

आणि हे फक्त छोटं छोटं राहतं असं नाही. रवांडात २०१६ ते २०१९ मध्ये याच पद्धतीने एक लाखाच्या वर शेतकरी बसवले, सरकारी विस्तार यंत्रणेतले लोक आणि गावातलेच शिकलेले शेतकरी घेऊन.

समदाब रेषा

रवांडाचं अजून एक सांगण्यासारखं आहे. आलेखाला तीस वर्षांचे ठिपके लागतात, पण १९९४ च्या नरसंहारात तिथली हवामान केंद्रं बंद पडली ती पुढे पंधरा-एक वर्षं नीट उभी राहिली नाहीत. म्हणजे वहीत मधली पानंच फाटलेली. मग अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या आयआरआय या हवामान संशोधन संस्थेबरोबर त्यांनी उपग्रहावरून काढलेला पाऊस आणि जी काही केंद्रं होती त्यांच्या नोंदी एकत्र करून ती पानं भरून काढली, एनॅक्ट्स म्हणतात त्या कामाला. अंदाज, अ‍ॅप, एआय सगळं त्याच्या वर उभं. पावसाच्या भांड्याजवळ सकाळी साडेआठला जाऊन नोंद करणाऱ्या माणसाचा पगार थकला की दहा वर्षांनी कुठल्यातरी अ‍ॅपचा अंदाज चुकतो, हे कुठल्या प्रस्तावात लिहिलेलं मी अजून पाहिलं नाही. प्रस्तावात डॅशबोर्ड असतो.

अवकाळी

डॅशबोर्डला पाऊस लागत नाही ताई, उद्घाटन लागतं

सरी

सगळे "शेतकरी, तो" असं लिहिताय म्हणून मध्ये पडते. मी बायकांच्या गटांबरोबर काम करते.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातली हवामान सल्ला सेवा जगातल्या सगळ्यात जुन्या सेवांपैकी, १९८२ पासून. फार नाव झालेलं तिचं, आणि मुळात कल्पना सुंदरच होती, शेतकऱ्यांनाच पाऊस मोजायचं भांडं दिलं, दहा दिवसांत इतके मिमी झाले की अमुक पीक पेरा असा तक्ता दिला, रेडिओवर दर दहा दिवसांनी माहिती. तीस वर्षांनी कोणीतरी गावोगाव जाऊन नीट विचारलं की हे वापरतंय कोण, तर मुख्यतः घरातले कर्ते पुरुष, तेही ज्यांच्याकडे औत-बैल आहेत ते. कारण सरळ आहे, सल्ला म्हणतो आज पेरा, पण औत नवऱ्याचं, आधी त्याचं रान होणार मग दिराचं मग तिच्या तुकड्यावर येणार. तिला आज पेरा कळून उपयोग काय? आणि सल्ले ज्या पिकांचे ती पुरुषांची पिकं.

आमच्याकडे एका गटात मी विचारलं, मेसेज येतो का. एक बाई म्हणाली येतो की, पोराच्या फोनवर. पोरगा कुठे असतो? शहरात, नोकरीला. आता बोला. नोंदणीत ती "महिला लाभार्थी" आहे.

कोडवाला

सरीताई, हा मुद्दा मान्य, नोंदणीचा नंबर आणि वापरणारा माणूस एकच असं आम्ही धरूनच चालतो. आवाजाचा मेसेज, मिस्ड कॉल दिला की परत फोन येऊन ऐकवणार, असं केलं तर थोडं सुटतं. वाचता न येण्याचा प्रश्नपण त्यात सुटतो.

आणि मी सकाळी जरा तावातावाने लिहिलं. त्या ३ कोटी ८८ लाखांचं पुढे मंत्रालयानेच किसान कॉल सेंटरमधून मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये फोन करून विचारलं होतं, ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी पेरणीचे निर्णय बदलले असं आलं. माझ्या मते नुसत्या एसएमएसला हे फार चांगलं आहे. बांधावरचा भाऊ म्हणतील ते फोनवर हो म्हणाले म्हणून. पण त्या मेसेजमध्ये एक गोष्ट वेगळी होती हे आत्ता लक्षात येतंय, त्यात एकच प्रश्न होता. पाऊस कधी सुरू होणार. काळी माती दादांचा पहिला प्रश्न. तुरळक, मध्यम, काळजी काही नाही.

बांधावरचा

आता कसं बोललास. नाही म्हणणार नाही, ५२ सोड, ३१ सुद्धा भारीच आहे. आमच्या दुसऱ्या टप्प्यात आम्ही विचारलंच नव्हतं.

लांबचा पाहुणा

उशिरा आलो. मधला रस्ता पण आहे ना, माणूस की मेसेज असं का? सेनेगलचं बघा. २०११ ला काफ्रीन भागात सुरुवात, तिथल्या हवामान संस्थेने म्हणजे अनासिमने शेतकऱ्यांबरोबर बसून अंदाज त्यांच्या शब्दांत आणला. मोठं करायची वेळ आली तेव्हा त्यांनी गावोगावची सामुदायिक रेडिओ केंद्रं धरली, ऐंशीच्या वर केंद्रं, तिथल्या निवेदकांना शिकवलं, स्थानिक भाषांत कार्यक्रम, आणि मुख्य म्हणजे लोक फोन करून कार्यक्रमातच विचारतात, सांगतात. एकाने विचारलेलं शंभर जण ऐकतात. त्या पोरग्याचा घसा बसायचा ना, त्याला माईक दिला असता तर.

केनियाच्या पश्चिम भागात न्गान्यी नावाचे पिढीजात पाऊस सांगणारे लोक आहेत, झाडं, पक्षी, मुंग्या बघून. तिथे हवामान खात्याचे शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर बसतात, दोघं आपापलं सांगतात आणि मग एकत्र अंदाज गावात जातो. खात्याचा कागद कोणी वाचत नव्हतं, तोच अंदाज ओळखीच्या तोंडून आला की ऐकतात.

आकडेमोड

रेडिओ स्वस्त आहे पण फुकट नाही, प्रकल्प संपला की निवेदकाचं मानधन बंद. खर्चाचं बोलूच. पैसे घेऊन सेवा चालवायचे प्रयोग झालेत, इग्निशिया म्हणून स्वीडनची कंपनी घानाच्या बाजूला रोजचा अंदाज एसएमएसने देऊ लागली, मोबाईलच्या बॅलन्समधून थोडे थोडे कापून. चाललं ते. पण एकाने विकत घेतलेला अंदाज पारावर दहा जणांना कळतो, त्यामुळे जितका उपयोग तितके पैसे कधीच वसूल होणार नाहीत. रस्त्यासारखं आहे हे, सरकारनेच करायचं. मला राग याचा येतो की अंदाजावर सगळे खर्च करतात आणि शेवटच्या टप्प्याला, म्हणजे ज्याला सगळे लास्ट माईल म्हणतात त्याला, उरलेसुरले.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाने एक बरं केलंय, २०१४ पासून तिथे प्रांताप्रांतात बैठकच बसवली, हवामानवाले, पीकवाले, शेतकरी संघटना ठरावीक काळाने एकत्र बसतात, अंदाजाचा अर्थ तिथेच लावतात आणि पत्रक काढतात. नंतर लॅटिन अमेरिकेत बऱ्याच देशांनी उचललं. प्रकल्प गेला तरी बैठकीची सवय राहते.

काळी माती

एक राहिलं. चुकलं की कोणी बोलत नाही. मागच्या वर्षी मेसेजवर विश्वास ठेवून थांबलो, पाऊस दुसऱ्या दिवशीच झाला, वाफसा मोडला, आठ दिवस पाय घालता येईना रानात. पुढच्या आठवड्यात मेसेज आला तो जणू काही झालंच नाही असा. शेजारी चुकला तर निदान खाली मान घालतो.

समदाब रेषा

दादा, हे शंभर टक्के. आम्ही आमच्यात हिशोब ठेवतो, किती वेळा बरोबर किती वेळा चूक, पण तो हिशोब ज्याच्यासाठी अंदाज काढला त्याला कधी देत नाही. भीती वाटते की विश्वास जाईल.

काळी माती

विश्वास तसाही जातोच की ताई.

बांधावरचा

एक करूया का. जुन्या प्रकल्पातला माझा मित्र अजून मेसेज लिहायच्या टेबलावर आहे, पुढच्या हंगामासाठी नमुना बदलायचा म्हणतोय. इथेच लिहूया. मी सुरू करतो:

"शुक्रवारपर्यंत पाऊस १० पैकी २ गावांत. पुढे ८ दिवस उघडीप, शक्यता १० पैकी ७. ओल वीतभर नसेल तर थांबा."

कोडवाला

मोजतो थांबा. देवनागरी एसएमएसला एका तुकड्यात ७० च अक्षरं मिळतात, इंग्रजीला १६०. आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह सगळं वेगळं मोजतात. त्यामुळे मराठीत लांब मेसेज म्हणजे दुप्पट-तिप्पट खर्च, हे ठरवणाऱ्यांच्या गावीही नसतं. जुन्या मेसेजमधलं "शेतकऱ्यांनी योग्य ती काळजी घ्यावी." एवढंच ३४ आहे. म्हणजे निम्मा तुकडा छत्रीवर!

तुमचा हा ९८. दोन तुकडे लागणार, दोनात १३४ बसतात, प्रत्येकी ६७. ३६ शिल्लक.

आकडेमोड

"थांबा" नको. "ओल वीतभर नसेल तर" आहे म्हणून चालवून घेतो. विहीरवाला काय ते समजेल.

समदाब रेषा

शिल्लक ३६ मध्ये हे घाला: "मागचा अंदाज चुकला होता." चुकला असेल त्या आठवड्यातच अर्थात. बरोबर आला तर बरोबर म्हणा.

कोडवाला

मधली मोकळी जागा धरून २४. अजून १२ उरतात.

सरी

फोन नंबर टाका. कळलं नाही तर विचारायला. १० आकडे आणि एक मोकळी जागा, ११ झाले. बसतो.

काळी माती

बसला हो नंबर. उचलणार कोण?